लस, जंताचं औषध आणि गोचिडाचा थेंब : चिकूचं तोंड कशाने सुजलं?

ठाण्यातल्या कासारवडवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा चिकू डॅक्सहुंड, नऊ आठवड्यांचा, वजन १ किलो ९०० ग्रॅम. शनिवारी संध्याकाळी सात वाजता दवाखान्यात त्याला तीन गोष्टी एकदमच मिळाल्या: सेव्हन-इन-वन लशीचा (एकाच सुईत अनेक रोगांवरची लस) दुसरा डोस, जंताचं पातळ औषध आणि मानेवर गोचिडांसाठी स्पॉट-ऑनचे थेंब. पावणेआठला गाडी मानपाड्याला अडकलेली असताना त्याचे ओठ आणि पापण्या सुजायला लागल्या, तो पंजाने तोंड खाजवू लागला. गाडी वळवून परत नेलं, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, अकरापर्यंत सूज उतरली. घरी आल्यावर तोंडाला फेस आला. रात्री एक वाजता उलटी झाली, त्यात दोन पांढरे जंत. रविवारी सकाळी पातळ शी, त्यात जंतांचा गुंता. दिवसभर झोपून राहिला. मंगळवारी पुन्हा चपला पळवायला लागला, पण मानेपाशी वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. घरातल्या आजींनी सांगून टाकलंय की या लेकराला आता सुई लावायची नाही. ताईंना जाणून घ्यायचंय की हे नेमकं कशाने झालं, पुढचे डोस द्यायचे का, आणि रेबीजचं काय.

ताई, तुम्ही प्रत्येक गोष्टीची वेळ लिहून पाठवलीत, त्यामुळे मला उत्तर देता येतंय. नौपाड्यात दवाखाना चालवून मला बावीस वर्षं झाली, आणि "लशीने त्रास झाला" म्हणून आलेल्या पिल्लाच्या घरच्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते: किती वाजता काय दिलं आणि किती वाजता काय दिसलं? पुष्कळदा निदान त्या वेळांमध्येच असतं. चिकूच्या बाबतीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच रात्री घडल्या आणि घरच्यांच्या मनात त्यांचा एकच गोळा झाला. तो सोडवूया.

तोंडाची सूज लशीची. याबद्दल मला फारशी शंका नाही. लस टोचल्यापासून काही मिनिटं ते काही तासांत ओठ, नाकाड, पापण्या सुजणं, कान लाल होणं, अंगावर गांधी उठणं ही ॲलर्जीची नेहमीची तऱ्हा आहे. माणसाच्या अंगावर पित्त उठतं, तसंच. जंताच्या किंवा गोचिडाच्या औषधाने असं होऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही, पण पाऊण तासाच्या आत फक्त तोंड सुजलं आणि पित्तावरच्या, म्हणजे ॲलर्जीवरच्या, इंजेक्शनने उतरलं, म्हणजे पहिला संशय लशीवरच जातो.

पहिल्या डोसाला काही झालं नाही आणि दुसऱ्याला कसं झालं, हेही तुम्ही विचारलंय. ॲलर्जी अशीच वागते. पहिल्या वेळी शरीर ती गोष्ट फक्त ओळखून ठेवतं, दुसऱ्यांदा ती दिसली की अंगावर धावून जातं. आणि बहुतेक वेळा राग लशीतल्या विषाणूवर नसतोच. लशीचा विषाणू पेशींमध्ये वाढवतात, त्या पेशींना वासराच्या रक्तद्रवावर पोसतात, शिवाय लस टिकावी म्हणून जिलेटिन, केसिन अशी प्रथिनं घातलेली असतात. त्यांचे अंश बाटलीत उरतात. ॲलर्जी झालेल्या कुत्र्यांच्या रक्तात या प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांचं (शरीराने परक्या गोष्टीशी लढायला बनवलेल्या अस्त्रांचं) प्रमाण वाढलेलं सापडलेलं आहे. म्हणूनच एका कंपनीच्या लशीने सुजलेलं पिल्लू दुसऱ्या कंपनीची लस कधीकधी निमूट घेतं.

डॅक्सहुंडच्या घरी मी हे जरा जास्तच समजावून सांगते. २००५ साली अमेरिकेत १२ लाखांहून जास्त कुत्र्यांच्या लसीकरणाच्या नोंदी तपासलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लशीनंतर तीन दिवसांत कसलाही त्रास नोंदला गेला अशी कुत्री १०,००० मागे ३८ निघाली. म्हणजे त्रास विरळाच. पण तो सगळ्यांत सारखा विभागलेला नव्हता. लहान चणीच्या कुत्र्यांत जास्त होता, आणि जातींमध्ये डॅक्सहुंड, पग, बॉस्टन टेरियर, मिनिएचर पिन्शर, चिवावा ही नावं वर होती. १० किलोपर्यंतच्या कुत्र्यांत, एकाच भेटीत टोचलेल्या प्रत्येक जादा लशीमागे धोका २७ टक्क्यांनी वाढत होता. १२ किलोंवरच्या कुत्र्यांत ही वाढ १२ टक्के होती. हा आकडा लक्षात असू द्या, रेबीजबद्दल बोलताना लागणार आहे.

आता जंत. उलटीत आणि शीत जंत दिसले म्हणून आजी घाबरल्या, पण ते औषधाने आपलं काम चोख केल्याचं लक्षण आहे. हे जंत चिकूने तुमच्या घरात येऊन मिळवलेले नाहीत. कुत्रीच्या मांसात गोल जंतांच्या अळ्या वर्षानुवर्षं झोपून असतात. ती गाभण राहिली की शेवटच्या तीनेक आठवड्यांत त्या जाग्या होतात आणि वारेतून पोटातल्या पिल्लांमध्ये उतरतात. काही नंतर दुधातून जातात. आकड्यासारख्या तोंडाचा जो रक्तपित्या जंत असतो, तोही दुधातून येतो. त्यामुळे पिल्लू कितीही चांगल्या घरातलं असो, ते जंत घेऊनच आलंय असं धरून चालायचं. पिल्लू तीन-चार आठवड्यांचं होईपर्यंत हे जंत पोटात पूर्ण वाढलेले असतात. म्हणून जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी द्यायचं असतं, दोन महिन्यांपर्यंत, आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. विकायला आलेल्या पिल्लांना हे क्वचितच मिळालेलं असतं. चिकूच्या वहीत त्याची नोंद नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे नऊ आठवड्यांचा साठा एका रात्रीत सुटला.

शेवयांसारखे जंत हलताना दिसले म्हणून "औषध लागू पडलं नाही" असं समजणारेही भेटतात. पिल्लांना नेहमी दिलं जाणारं पायरँटेल जंतांना मारण्याआधी लुळं करतं. त्यांची आतड्यावरची पकड सुटते आणि ते जिवंतच बाहेर पडतात. एखाद-दुसरी उलटी, एक-दोन दिवस पातळ शी, थोडी पोटदुखी एवढं या सगळ्यात धरलेलंच असतं. पण काही खुणा वेगळ्या आहेत. पिल्लाचं पोट ढोलासारखं फुगलं, उलट्या थांबेनात आणि शी होतच नाही, तर जंतांचा गोळा आतड्यात अडकलेला असू शकतो. शी डांबरासारखी काळी आणि हिरड्या पांढुरक्या, तर रक्तपित्या जंतांनी बरंच रक्त ओढलेलं आहे. दोन किलोच्या पिल्लात रक्त असतं किती? कपभरही नाही. अशा पिल्लाला सकाळपर्यंत थांबवू नका.

आणि हा डोस एकदा देऊन भागत नाही. औषध आतड्यातल्या मोठ्या जंतांना काढतं, शरीरात फिरणाऱ्या अळ्या मागे राहतात. त्या दोन आठवड्यांत आतड्यात पोचतात. तेव्हा चिकूला पुन्हा औषध, आणि ते त्या दिवशीच्या वजनावर. गेल्या वेळचे इतके मिलिलिटर म्हणून तितकेच, असं नको. या वयात पिल्लाचं वजन दोन आठवड्यांत कुठल्या कुठे जातं. तोवर त्याची शी लगेच उचला, घरातली मुलं खाली बसून खेळत असतील तर त्यांचे हात साबणाने धुवा. या जंताची अंडी मुलांच्या पोटात गेली तर अळ्या डोळ्यापर्यंत जाऊ शकतात.

रात्रीचा फेस, मला वाटतं, तिसऱ्या गोष्टीचा. तुम्ही लिहिलंय की मानेवरचं औषध ओघळलं म्हणून तुम्ही बोटांनी पुसलं आणि चिकूने ती बोटं चाटली. स्पॉट-ऑनचा थेंब भयंकर कडू असतो. चाटला की पिल्लू लाळ गाळतं, फेस काढतं, डोकं झटकतं, आणि अर्ध्या-एक तासात शांत होतं. पाणी पाजायचं, तोंड ओल्या फडक्याने पुसायचं. हे दिसायला भीतिदायक असलं तरी त्यात घाबरण्यासारखं नाही. मात्र एका गोष्टीकडे लक्ष वेधते. बऱ्याच स्पॉट-ऑनच्या खोक्यावर ८ आठवडे आणि २ किलो ही खालची मर्यादा छापलेली असते. चिकू १ किलो ९०० होता. फरक शंभर ग्रॅमचा, बिघडलं काही नाही, पण दोन आठवडे थांबता आलं असतं. इतक्या लहान पिल्लावर दोन-चार गोचीड असतील तर मी चिमट्याने काढायला सांगते आणि बारीक दातांची फणी रोज फिरवायला सांगते.

गोचिडांबद्दल थोडं जास्त बोलते, कारण खरा अपघात मी इथेच पाहिलाय. लशीने गंभीर झालेली पिल्लं माझ्या आयुष्यात मोजकी आली, गोचिडाच्या औषधाने झालेली त्यापेक्षा कितीतरी जास्त. काही वर्षांपूर्वी कळव्याहून तीन महिन्यांचं लॅब्रॅडॉर आणलं होतं. घरच्यांनी गुरांसाठी मिळणारं अमित्राझ हे गोचिडाचं औषध आणलं, बादलीत अंदाजे ओतलं आणि गच्चीवर त्याला आंघोळ घातली. जनावरांचं औषध जनावरालाच घातलं, यात चूक काय, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पिल्लू आलं तेव्हा अंग गार, नाडी संथ, डोळे उघडे पण ओळख नाही. वाचलं, दोन दिवस सलाईनवर आणि गरम पिशव्यांमध्ये ठेवून. अमित्राझ चार महिन्यांखालच्या पिल्लाला लावायचंच नसतं, आणि मोठ्यालाही ते अगदी मोजून, भरपूर पाण्यात पातळ करूनच.

आयव्हरमेक्टिन या गोचीड-खरजेसाठी वापरल्या जाणाऱ्या औषधाचंही तसंच. गुरांसाठीच्या बाटलीत ते फार तीव्र असतं. पिल्लाच्या वजनाला थेंबाच्या अंशात मोजावं लागेल असं औषध सिरिंजने अंदाजे टोचलं की बुबुळं विस्फारतात, दिसेनासं होतं, चाल झिंगल्यासारखी होते, अंग थरथरतं, कधीकधी पिल्लू दिवसेंदिवस बेशुद्ध राहतं. यावर थेट उतारा नाही, आधार देत वाट बघावी लागते. कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या मिश्र पिल्लांत एक जनुकीय दोष आढळतो, त्यामुळे हे औषध सरळ मेंदूत शिरतं. "खरूज आहे, एक इंजेक्शन मारून टाका" असं कुणी म्हणालं तर जात आणि वजन विचारल्याशिवाय सुई लावू देऊ नका.

गोचिडांसाठीच्या चघळायच्या नव्या गोळ्या चांगल्या आहेत, मी स्वतः देते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटातल्या गोळ्यांनी काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं, फिट येणं असे त्रास होऊ शकतात असा इशारा दिला होता. पूर्वी कधी फिट आलेल्या पिल्लाला म्हणूनच त्या देत नाही. फवारा वापरत असाल तर तो स्पिरिटवर बनवलेला असतो, सुकताना अंगातली ऊब ओढून नेतो. पिल्लू फवारून एसी सुरू केला आणि ते गारठलं, हे पावसाळ्यात दरवर्षी बघते. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं कुठलंही औषध दाराच्या आत आणू नका, कुत्र्याला चालणारा तो थेंब मांजराचा जीव घेतो. आणि एक मादी गोचीड हजारोंनी अंडी घालते, तीही कुत्र्यावर नाही तर भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीत, पार्किंगच्या कोपऱ्यात. नुसत्या पिल्लावर औषध ओतत राहण्यापेक्षा त्या भेगा बुजवा.

रविवारची झोप आणि मानेजवळची गाठ यांबद्दल थोडक्यात. लशीनंतर एक-दोन दिवस सुस्ती, थोडा ताप, जेवणात मन नसणं हे शरीर कामाला लागल्याचं लक्षण. पिल्लाचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं. १०३.५ च्या वर गेलं किंवा सुस्ती अठ्ठेचाळीस तासांपलीकडे टिकली तर दाखवा. गाठ दोन-तीन आठवड्यांत विरघळते. चोळू नका, शेकू नका. वाढत गेली, गरम लागली किंवा महिन्यानंतरही तशीच राहिली तर मात्र दाखवा. तापासाठी घरातली पॅरासिटॅमॉल किंवा कॉम्बिफ्लाम मुळीच देऊ नका. सर्दीची गोळीही नको, तिच्यात पित्ताच्या औषधासोबत आणखी काय काय मिसळलेलं असतं.

चिकूच्या वजनाच्या पिल्लाला जास्त भीती उपाशी राहण्याची. अंगात साखरेचा साठाच नसतो. लशीने मलूल झालेलं, उलट्या केलेलं, सहा-आठ तास काही न खाल्लेलं पिल्लू एकदम थरथरायला लागतं, चाल झिंगते, पाय ताठ होतात. घरच्यांना वाटतं लशीने फिट आली. पुष्कळदा ती साखर उतरलेली असते. मधाचं बोट किंवा साखरेचं दाट पाणी हिरड्यांवर चोळा, पाजायला जाऊ नका, श्वासनळीत जाईल, आणि दवाखाना गाठा. लशीच्या दिवशी सकाळी थोडं खायला घालूनच न्यायचं, रात्री दर तीन-चार तासांनी दोन घास पुढे करायचे.

आता ज्याची मला स्वतःला आजही भीती वाटते ते सांगते. माझ्या प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका मुलीच्या पगच्या पिल्लाला मी लस दिली. बाहेर रांग होती, मी "झालं, न्या घरी" म्हणाले. दहा मिनिटांनी ती मुलगी धावत परत आली, रिक्षा तीन हात नाक्यावरून उलटी फिरवून. पिल्लाला रिक्षातच उलटी आणि जुलाब झाले होते, हिरड्या पांढऱ्याफटक, मान टाकलेली. तोंडावर तसूभर सूज नव्हती. कुत्र्यांत तीव्र ॲलर्जीचा घाव पोटावर आणि यकृतावर बसतो, त्यामुळे माणसासारखा घसा बंद होण्याआधी त्यांना उलटी-जुलाब होतात आणि रक्तदाब कोसळतो. ॲड्रेनालिन, ऑक्सिजन, सलाईन दिलं, ते पिल्लू वाचलं. सिग्नल आणखी एक लाल लागला असता तर वाचलं नसतं. त्या दिवसापासून माझ्याकडे लस घेतलेलं पिल्लू अर्धा तास बाकावर बसल्याशिवाय घरी जात नाही, मालक कितीही घाईत असो. जीवघेणी प्रतिक्रिया बहुतेक वेळा याच अर्ध्या तासात दिसते.

यावरूनच माझं एक ठाम सांगणं आहे, आणि घोडबंदर रोडच्या लोकांना तर हात जोडून आहे: लस शनिवारी संध्याकाळी घेऊ नका. तुम्ही मानपाड्याला अडकलात तेव्हा चिकूचं फक्त तोंड सुजलं होतं, म्हणून गाडी वळवायला वेळ मिळाला. रात्री आठला त्या रस्त्यावर दोन किलोमीटरला पाऊण तास लागतो. लस सकाळी, मधल्या वारी. म्हणजे दिवसभर दवाखाना उघडा आणि घरी कुणीतरी जागं.

तर पुढचे डोस द्यायचे का? द्यायचे. आजींना मी प्रत्यक्ष भेटून सांगायला तयार आहे, कारण त्यांची माया मला कळते. पण चिकूला आत्तापर्यंत मिळालेले डोस त्याला पुरेसे नाहीत. आईच्या चिकातून पिल्लाला जे प्रतिपिंड मिळतात ते लशीलाही शत्रू समजून मारतात. ते कधी संपतात हे प्रत्येक पिल्लात वेगळं, कुणात आठ आठवड्यांना, कुणात चौदा-पंधरा. म्हणूनच दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत जायचं आणि शेवटचा १६ आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायचा. अर्ध्यात सोडलेलं पिल्लू आईचं कवच गेलेलं आणि स्वतःचं न आलेलं असं उघडं पडतं. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, फिनाइलने मरत नाही, ब्लीच लागतं. तुमच्या चपलांना लागून तो अकराव्या मजल्यावर येऊ शकतो.

"लस दिली आणि तिसऱ्या दिवशी पार्वो झाला" असं सांगणारे घरोघरी भेटतील. पार्वोला अंगात मुरायला तीन ते सात दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. तिसऱ्या दिवशी आजारी पडलेलं पिल्लू लशीच्या दिवशीच विषाणू घेऊन आलेलं असतं. भर घालायला, लशीनंतर काही दिवस शीच्या झटपट तपासणीत पुसटशी रेघही उमटू शकते, कारण लशीतला अशक्त विषाणू शीत उतरतो. त्या रेघेवरून लशीला दोषी धरू नका. पिल्लं ३५-४० दिवसांची आणून विकतात, प्रवासाने गांजलेली, जंतांनी पोखरलेली, आणि आणल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना लस टोचली जाते. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे. आणलेल्या पिल्लाला मी आधी आठवडाभर घरात रुळू देते, जंत काढते, शी तपासते, मग लस.

चिकूसाठी असं करा. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा: कोणती लस, कंपनी, बाटलीवरचा बॅच क्रमांक, किती वेळाने काय झालं, कोणत्या औषधाने उतरलं. लशीचं स्टिकर वहीत चिकटवलेलं नसेल तर डॉक्टरांकडून मागून घ्या. तुमच्या डॉक्टरांनी वेळेत जे केलं ते योग्यच केलं, त्यांच्याकडेच पुढे जा, त्यांना चिकू माहीत झालाय.

पुढचा डोस साडेबारा-तेरा आठवड्यांना. त्या दिवशी दुसरं काहीही नाही. जंताचं औषध त्याच्या आधी एक आठवडा, स्पॉट-ऑन त्यानंतर एक आठवडा, म्हणजे पुन्हा काही झालंच तर कुणामुळे ते कळेल. डॉक्टरांशी बोलून लशीच्या वीस-तीस मिनिटं आधी पित्तावरचं इंजेक्शन घ्या. दुसऱ्या कंपनीची लस मिळते का ते विचारा. बऱ्याच लशींत बाकीच्या रोगांवरच्या लशीची वाळवलेली वडी एका बाटलीत आणि लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, या रोगावरच्या लशीचा द्रव दुसऱ्या बाटलीत असतो. लेप्टो वेगळ्या दिवशी देता येईल का, हा निर्णय ते घेतील. लेप्टो गाळूनच टाकूया असं मात्र ठाण्यात मी म्हणणार नाही. उंदराच्या मुतातून पावसाच्या पाण्यात येणारा हा रोग, २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत माणसांत केवढा पसरला होता ते आठवतंय. चिकूचे पाय आखूड, पोट पाण्याला टेकतं. पावसाळा तोंडावर आहे, आणि लेप्टोचे दोन डोस झाल्याशिवाय त्याला संरक्षण नाही.

लहान पिल्लू म्हणून अर्धीच लस द्या, अशी विनंती मला आठवड्यातून एकदा तरी होते. लशीचा डोस वजनावर नसतो. अर्धी दिली तर ॲलर्जी टळत नाही आणि संरक्षणाची खात्री मात्र जाते. औषधाच्या दुकानातून लस घेऊन, प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घालून कुणाकडून तरी टोचून घेणंही नको. ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी, आणि ॲड्रेनालिन हाताशी नसलेल्या माणसाने लस टोचू नये.

रेबीज स्वतंत्र दिवशी, साडेचौदा-पंधराव्या आठवड्यात. वरचा २७ टक्क्यांचा आकडा आठवा, लहान चणीच्या कुत्र्याला दोन सुया एका दिवशी नकोत. पुन्हा बाकावर बसायचं, अर्ध्याऐवजी एक तास. ही लस टाळायचा विचारही करू नका. रेबीज झाल्यावर उपचार नाही, आणि चिकूसोबत तो घरातल्या सगळ्यांचा प्रश्न होतो. मग साडेसोळाव्या आठवड्यात शेवटचा डोस. देव न करो, पण तेराव्या आठवड्यात तयारी करूनही प्रतिक्रिया जोराची आली, म्हणजे उलटी, पांढऱ्या हिरड्या, मान टाकणं असं झालं, तर तिथे थांबायचं. मग सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर, आईकडून आलेले प्रतिपिंड संपलेले असताना, डिस्टेंपर, पार्वो आणि हिपॅटायटिस या लशीतल्या मुख्य रोगांचे प्रतिपिंड रक्तात तपासायचे. पुरेसे असतील तर शेवटच्या डोसाची गरज उरत नाही. नुसत्या तोंडाच्या सुजेनंतर मात्र ही पायरी लागत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की उपवनला फिरायला कधी न्यायचं. जमिनीवर पाय टेकवून, शेवटच्या डोसानंतर दोन आठवड्यांनी. म्हणजे साधारण गणपतीच्या सुमारास. पण तोवर त्याला घरात कोंडू नका, या वयात जे बघितलं-ऐकलं नाही त्याची पुढे जन्मभर भीती बसते. कडेवर घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत न्या, छत्र्या, रिक्षा, शाळेची बस, लिफ्टचा दरवाजा सगळं लांबून दाखवा. ढोल-ताशाची रेकॉर्डिंग आत्तापासून रोज पाच मिनिटं, अगदी हळू आवाजात, तो जेवत असताना लावा, आणि दर आठवड्याला आवाज थोडा वाढवा.